इन्व्हाइटवर लावलेला फ्लॅग री-इन्व्हाइटला का दिसत नाही?

भाऊ, तुमची अडचण मला समजली ती अशी. हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये कामाइलिओ, म्हणजे इंटरनेटवरच्या फोनचे कॉल जोडून देणारा सर्व्हर, चालतो. वजनकाट्यावरचा फोन फोरजी राउटरमागे, म्हणजे नॅटमागे (त्याचा पत्ता खाजगी, बाहेरून थेट गाठता येत नाही). काट्यावरून कॉल लागतो, बोलणं होतं. पण ऑफिसने होल्ड करून परत घेतलं की आवाज एकतर्फी होतो. लॉगमध्ये तेव्हा पाच नंबरचा फ्लॅग, म्हणजे ‘फोन नॅटमागे आहे’ अशी मेसेजवर लावलेली खूण, शून्य. काट्यावरून होल्ड केलं तर मात्र सगळं ठीक.

हे शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणून उत्तर सोपं झालं. कॉल सुरू करणारा मेसेज म्हणजे इन्व्हाइट, आणि होल्डसारख्या बदलासाठी चालू कॉलमध्ये पुन्हा येतो तो री-इन्व्हाइट. काट्यावरून री-इन्व्हाइट आला की नॅटची चाचणी त्याला पुन्हा पकडते आणि फ्लॅग नव्याने लागतो. ऑफिसचा फोन नॅटमागे नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या री-इन्व्हाइटवर फ्लॅग लावणारं कोणी नाही. मग नॅटमॅनेजचा रूट (कॉन्फिगमधला नॅट सांभाळणारा भाग) पहिल्याच अटीवर परततो, आवाज मधून वाहून नेणारं आरटीपीइंजिन बोलावलंच जात नाही, आणि एसडीपीमध्ये (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या मजकुरात) खाजगी पत्ता तसाच पुढे जातो.

मेसेज फ्लॅगचं आयुष्य एका ट्रान्झॅक्शनपुरतं, म्हणजे एक रिक्वेस्ट आणि तिची उत्तरं एवढ्यापुरतं, असतं. टी-रिलेच्या, म्हणजे रिक्वेस्ट पुढे पाठवण्याच्या, वेळी टीएम हे ट्रान्झॅक्शन सांभाळणारं मॉड्यूल ते ट्रान्झॅक्शनसोबत जपून ठेवतं, म्हणून फेल्युअर रूटमध्ये (कॉल न लागल्यास चालणारा भाग) आणि टी-ऑन-रिप्लायने जोडलेल्या नावाच्या ऑन-रिप्लाय रूटमध्ये ते दिसतात. बिननावाचा रिप्लाय रूट टीएमच्या आधी चालतो. तिथे फ्लॅग तपासून बरेच जण फसतात. फ्लॅग टी-रिलेच्या आधीच लावा, नंतर लावून भरवसा नाही. री-इन्व्हाइट, बाय (कॉल संपवणारा मेसेज), आणि दोनशे ओकेनंतरचा ॲकसुद्धा (होकाराची पोच), मूळ इन्व्हाइटच्या ट्रान्झॅक्शनचे नसतात. कॉल-आयडी तोच असला तरी फ्लॅग कोरेच.

आधी डोळ्यांनी बघा. रिक्वेस्ट रूटच्या सुरुवातीला आणि टी-रिलेच्या अगदी आधी एक्सलॉगची ओळ टाका: कॉल-आयडी, मेथड, डॉलर-एमएफ (मेसेज फ्लॅग), डॉलर-बीएफ (ब्रँच फ्लॅग). आकडा दशमान येतो. फ्लॅगची मोजणी शून्यापासून असते, म्हणून पाच नंबरचा फ्लॅग म्हणजे 32, अकाउंटिंगचा (कॉलची नोंद ठेवण्याचा) एक नंबरचा म्हणजे 2, दोन्ही असले तर 34. पहिल्या इन्व्हाइटला 34 आणि ऑफिसच्या री-इन्व्हाइटला 0 दिसला की निदान पक्कं. ब्रँच फ्लॅग (रिक्वेस्ट जिथे जिथे पाठवली जाते त्या प्रत्येक फांदीचे) वेगळे मोजले जातात, त्यांची सरमिसळ करू नका.

उपाय रेकॉर्ड-रूटमध्ये, म्हणजे पुढच्या रिक्वेस्ट आपल्यामार्गेच याव्यात म्हणून सर्व्हर जोडतो त्या हेडरमध्ये, आहे. पहिल्या इन्व्हाइटला ॲड-आरआर-परॅमने ‘नॅट=येस’ जोडा. काट्याची पावती जशी गाडीवाल्याच्याच हाती असते, तशी ही खूण दोन्ही फोन स्वतःजवळ ठेवतात आणि कॉलमधल्या प्रत्येक पुढच्या रिक्वेस्टच्या रूट हेडरमध्ये परत आणून देतात. मग टू-टॅग असलेल्या (म्हणजे चालू कॉलमधल्या) रिक्वेस्टवर लूज-रूट (रूट हेडरप्रमाणे वाट ठरवणारं फंक्शन) झाल्यानंतर चेक-रूट-परॅमने ती वाचा आणि नॅटचा ब्रँच फ्लॅग पुन्हा लावा. लूज-रूटच्या आधी तपासलंत तर काही हाती लागणार नाही. बायची नोंद अकाउंटिंगमध्ये हवी असेल, तर तोही फ्लॅग बाय आल्यावर पुन्हा लावावाच लागतो.

डायलॉग मॉड्यूलचे (पूर्ण कॉलची माहिती ठेवणारं मॉड्यूल) व्हेरिएबल वापरूनही हे जमतं, पण नॅटसाठी मी ते सुचवणार नाही. त्याचा डीबी-मोड (माहिती डेटाबेसात कधी लिहायची ते) मुळात 0 असतो, म्हणजे सगळं मेमरीत. भर कॉलमध्ये कामाइलिओ रिस्टार्ट झाला की माहिती गेली. मोड 3 मध्ये नोंद फक्त रीतसर बंद करताना होते, आणि आपल्याकडे लाईन (वीज) विचारून जात नाही. मोड 1 ठेवला तर प्रत्येक बदल लगेच डेटाबेसात जातो, पण एवढ्याशा खुणेसाठी तो खटाटोप कशाला? हंगामात काट्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग असते तेव्हा हा फोन चालायलाच हवा, म्हणून कमीत कमी भागांवर विसंबणारा मार्ग घ्या.

बदल केल्यावर रिस्टार्टच्या आधी हायफन-सी देऊन कॉन्फिग तपासून घ्या. चाचणी नव्या कॉलवरच करा. कॉलचा रूट-सेट सुरुवातीलाच ठरतो, त्यामुळे आधीपासून चालू असलेल्या कॉलमध्ये ही खूण येणार नाही. तरी ऑफिसच्या री-इन्व्हाइटला खूण दिसली नाही, तर त्याचं पूर्ण रूट हेडर इथे टाका, मी बघतो.