पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांब

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि दोन्ही बिअर्डेड ड्रॅगनची (दाढीवाल्या पाळीव सरड्यांची) छायाचित्रे मिळाली. नर दाढी काळी करून मान जोरजोरात वरखाली हलवू लागला आहे आणि मादी पुढचा एक पाय उचलून सावकाश फिरवते आहे, तेव्हा येत्या सप्टेंबरात त्यांची जोडी लावावी का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर असे की यंदा लावू नये. आणि दोघे अजून एकाच पेटीत असतील तर त्यांना आजच वेगळे करावे. मादीच्या पाय फिरवण्याला तू संमती समजतो आहेस, पण ती मोठ्या प्राण्यासमोर दाखवलेली नमती बाजू असते. काही दिवसांचे पिल्लूसुद्धा असाच पाय फिरवते, त्यामुळे या खुणेवरून तिच्या तयारीचा अंदाज बांधता येत नाही.

तयारी पाहायची ती वयावरून आणि वजनावरून. तुझी मादी गेल्या डिसेंबरात अंड्यातून बाहेर आली, म्हणजे सप्टेंबरात ती नऊ महिन्यांची होईल, आणि तू कळवलेले तिचे वजन २६० ग्रॅम आहे. या वयात मादीला अंडी धरू शकतात, हे खरे आहे, आणि नेमक्या याच कारणामुळे हौशी माणसाची फसगत होते. तिची हाडे अजून वाढत असतात. खाल्लेल्या कॅल्शियमवर पहिला हक्क त्या वाढीचा असतो, आणि मध्येच अंडी धरली की तेच कॅल्शियम त्यांच्या कवचाकडे जाते. एका खेपेला साधारण पंधरा ते तीस अंडी होतात. शिवाय मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवू शकते, त्यामुळे नराची पुन्हा भेट न होताही काही आठवड्यांनी दुसरी, कधी तिसरी खेप येते. म्हणजे आपण एकदाच जोडी लावली असे आपल्याला वाटते आणि तिचे शरीर मात्र अख्खा हंगाम झिजत राहते. पाय थरथरणे, जबडा मऊ पडणे, अंडी आत अडकून राहणे, ही संकटे कोवळ्या वयाच्या मादीवर अधिक येतात, आणि अडकलेल्या अंड्यांसाठी शस्त्रक्रिया करूनही प्रत्येक मादी वाचतेच असे नाही.

म्हणून मी जे माप पाळतो, तेच तुला सांगतो: मादी किमान अठरा महिन्यांची, किमान ३५० ग्रॅम वजनाची आणि शेपटीसह ४५ सेंटिमीटरच्या आसपास लांबीची असावी. या तिन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हायला हव्यात. नुसत्या चरबीने वाढलेले वजन मी धरत नाही. पुढच्या सप्टेंबरात ती एकवीस महिन्यांची होईल, तेव्हा एक वसंत सोडल्याने तुझे काहीच बुडत नाही. नराचेही दीड वर्ष तोवर पूर्ण झालेले असेल.

आता ऋतूविषयी. तू वाचलेल्या मार्गदर्शनात मार्च हा जोडीचा महिना दिला आहे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या पाळणाऱ्यांसाठी लिहिलेले आहे. आपल्या सिडनीत, म्हणजे ऑस्ट्रेलियात, ऋतू उलटे असतात: मार्च हा महिना शरदाचा असतो आणि वसंत सप्टेंबरात येतो. हा प्राणी मूळचा इथलाच, ग्रेट डिव्हायडिंग रेंजच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातला, कोबार, बर्क, ब्रोकन हिलच्या बाजूचा. तिथे तो थंडीत बिळात किंवा ओंडक्याखाली निपचित पडून राहतो आणि दिवस मोठा होऊन ऊन तापू लागले की बाहेर येऊन जोडीच्या शोधाला लागतो. तुझ्या खोलीत मात्र बारा महिने तेवढाच दिवा आणि तेवढीच ऊब असते. म्हणून हिवाळा आपण मुद्दाम घडवावा लागतो, आणि तो वर्षाच्या आतल्या जनावराला द्यायचा नसतो. यंदा तू तो दिला नाहीस, हे योग्यच झाले.

पुढच्या वर्षी मात्र एप्रिलमध्येच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडून दोघांची विष्ठा तपासून घे, कारण पोटात जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असलेले जनावर थंडीत ठेवले तर ते खंगते. त्याच भेटीत अॅडिनोव्हायरसचीही चाचणी करून घे. मोठे जनावर वरून धडधाकट दिसत असतानाही तो विषाणू बाळगून असू शकते आणि पिल्ले मात्र त्याने दगावतात. मे महिन्यात अन्न थांबवावे, पण ऊन खाण्याची जागा आणखी दोन आठवडे पूर्वीसारखीच गरम ठेवावी, म्हणजे आतडी रिकामी होतील. पोटात अन्न असताना अंग थंड पडले तर ते अन्न पचत नाही, कुजते. त्यानंतर दिव्याचे तास चौदावरून हळूहळू दहावर आणावेत आणि रात्रीचे तापमान पंधरा ते अठरा अंशांपर्यंत उतरू द्यावे. दोन-अडीच महिने हे जनावर बहुतेक वेळ झोपेल. पाणी ठेवावे, आठवड्याला वजन करावे, आणि वजन एक दशांशाने घटले तर झोप तिथेच मोडून त्याला उबेत आणावे. ऑगस्टच्या मध्यापासून दिवा आणि ऊब टप्प्याटप्प्याने वाढवायची, मग तीन-चार आठवडे पोटभर खाऊ घालायचे, कॅल्शियम आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा यांत कसूर करायची नाही, आणि मादीचे वजन भरून आले की मगच भेट घडवायची.

भेट नराच्या पेटीत, तुझ्या डोळ्यांसमोर आणि थोड्याच वेळाची असावी. नर मादीची मान तोंडात धरतो. ते स्वाभाविक आहे, पण कातडी फाटू लागली तर लगेच सोडवावे. काही दिवसांत दोन-तीन भेटी पुरेशा होतात. पुढे महिना-दीड महिन्यात मादीचे पोट गाठाळ दिसू लागते, ती अन्न सोडते आणि कोपरे उकरू लागते. तिला निदान तीस सेंटिमीटर खोल, ओलसर वाळूमातीचा डबा लागतो. माती इतकी ओली असावी की खणलेले बीळ कोसळणार नाही. असा एक डबा तू आत्ताच तयार ठेव. दोघे आजवर एकत्र राहिले असतील तर तिला अंडी धरलेलीही असू शकतात, आणि तसेही नराशिवाय वाढलेली मादीसुद्धा वांझ अंडी घालते. ती दिवसभर खणूनही अंडी घालत नसेल आणि मरगळून पडत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठ.

अंडी उचलताना जी बाजू वर असेल तीच वर ठेवावी, आणि ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजात) अर्धी पुरून इन्क्युबेटरमध्ये २८ ते ३० अंशांवर ठेवावीत. दोन ते अडीच महिन्यांत ती फुटतात. लवकर फुटावीत म्हणून उष्णता वाढवण्याचा मोह अनेकांना होतो. कॅनबेरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले की या प्राण्यात लिंग गुणसूत्रांनी ठरत असले तरी अंडी फार उष्णतेत उबवली, तर गुणसूत्रांनी नर असलेले गर्भही मादी म्हणून वाढतात. आणि रानातही अशा माद्या सापडल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. साधारण ३२ अंशांपुढे हा बदल सुरू होतो. मला स्वतःला या प्राण्याविषयीची ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. पाळणाऱ्याने तिच्यातून एवढेच घ्यावे की तापमापक खात्रीचा असावा आणि अंडी आत ठेवण्यापूर्वी इन्क्युबेटर आठवडाभर रिकामा चालवून पाहावा.

पिल्लांचा हिशेब तुझ्या पत्रात कुठेच नाही. दोन खेपांत चाळीस पिल्ले सहज होतील. प्रत्येक पिल्लू दोन-तीन ग्रॅमचे असते आणि त्याला दिवसातून दोन-तीनदा बारीक रातकिडे लागतात. भुकेले राहिले किंवा दाटीत ठेवले तर ती एकमेकांची शेपटी आणि बोटे तोडतात. म्हणून आकारानुसार वेगळ्या पेट्या, प्रत्येक पेटीला दिवा, आणि नीट खाऊ लागलेले पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे होईपर्यंत आपल्याकडेच ठेवणे, एवढा भार उचलावा लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये हा प्राणी परवान्याशिवाय पाळता येत नाही, त्यामुळे पिल्लू द्यायचे तेही परवानाधारकालाच. ऑस्ट्रेलियातून इथले जिवंत सरपटणारे प्राणी पाळण्यासाठी परदेशी पाठवू देत नाहीत, तेव्हा पुण्याच्या मावसभावाला एक पिल्लू देईन, हे तुझे आश्वासन तू मागे घे. उरलेली पिल्ले झाडीत सोडण्याचा विचार तर मनातही आणू नकोस. सिडनीच्या आसपास राहतो तो पूर्वेकडचा बिअर्डेड ड्रॅगन, ही वेगळी जात आहे, आणि पेटीतला रोग तिच्यात पसरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. चाळीस घरे आधी शोधून ठेवता येत नसतील तर थोडीच अंडी उबवायची आणि बाकीची घातली त्याच दिवशी गोठवून टाकायची. ऐकायला हे कठोर वाटेल, तरी जबाबदार पाळणारे तसे करतात.

एक गोष्ट मात्र सर्वांआधी विचारून घे. दोन्ही जनावरे तू एकाच माणसाकडून एकाच आठवड्यात आणलीस. ती एकाच खेपेची भावंडे असतील तर ही जोडी कधीच लावायची नाही, आणि दुसरा नर शोधायला तुझ्याकडे पूर्ण वर्ष आहे. त्या माणसाला दोघांच्या आईबापांविषयी लेखी विचार, आणि मिळेल ते उत्तर मला कळव. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मादीचे वजन आणि लांबी वहीत लिहीत जा. मार्चअखेर ती वही मला पाठव, म्हणजे मे महिन्यात दिवे कोणत्या क्रमाने कमी करायचे याचे वेळापत्रक आपण दोघे मिळून आखू.

कळावे.