कोयनेची नात आणि पुनर्वसनाची नोकरी

प्रश्न: मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबांचं गाव कोयना धरणात गेलं. परदेशी कर्जावरच्या प्रकल्पांत लोकांच्या बाजूचंही काम असतं म्हणे. बाबा म्हणतात, ते सीएसआर, त्यात करिअर नाही. दुबईला साइटवर जा. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर: आधी बाबांचा गैरसमज दूर करू. सीएसआर म्हणजे ठरावीक मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले 2 टक्के समाजकामावर खर्चायचे. ती 2013 च्या कंपनी कायद्यातली तरतूद. तू विचारतेस ते काम निराळं. रस्ता किंवा मेट्रो ज्यांच्या दारावरून जाते त्यांची मोजणी, मोबदला, पुनर्वसन, तक्रारी. हे बिघडलं तर कर्जाचे पैसेच अडतात.

अडलेही आहेत. मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने 2002 मध्ये कर्ज मंजूर केलं. 1 लाखाहून जास्त माणसं हलवायची होती. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात दुकानं जाणाऱ्यांनी 2004 मध्ये बँकेच्या तपासणी पॅनेलकडे, म्हणजे प्रकल्पाची झळ बसलेल्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळाकडे, तक्रार केली. तिच्यात तथ्य निघालं आणि मार्च 2006 मध्ये रस्ते व पुनर्वसनाचे पैसे रोखले गेले, ते जूनपर्यंत. झोपडीच्या बदल्यात 225 चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं की माणूस खूश, असं फायलीत वाटतं. दुकानदाराचं तसं नसतं. गाळा मिळतो, पण रस्त्यावरचं गिऱ्हाईक त्याच्यामागे येत नाही.

हे पॅनेल आलं नर्मदेच्या लढ्यानंतर. सरदार सरोवरावरचा, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल 1992 चा, पॅनेल 1993 चं. कोयनेलाही बँकेचं कर्ज होतं, पण विस्थापितांसाठी बँकेचं पहिलं धोरण आलं 1980 मध्ये. तोवर तुझ्या आजोबांचं गाव पाण्याखाली जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

आता तुझं. या कामात समाजकार्य शिकलेले बरेच भेटतात. नकाशा पुढे ओढून ‘आखणी दहा मीटर सरकवली तर एवढी घरं वाचतील’ असं म्हणू शकणारा इंजिनिअर क्वचित. म्हणून सिव्हिल सोडू नकोस. दोन वर्षं साइटवर काढ, जमल्यास मेट्रोवर. पुणे आणि नागपूर मेट्रोला युरोपातल्या बँकांचं कर्ज आहे, मुंबईच्या मेट्रो 3 ला जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेचं. त्याच काळात सातबारा, फेरफार, आठ अ वाचायला शीक. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही. मग टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी पदव्युत्तर शिक्षणाचा विचार कर.

पगाराबद्दल खोटं बोलणार नाही. नोकऱ्या बहुतेक कंत्राटी, दुबईइतके पैसे नाहीत. वर प्रकल्पवाले म्हणणार तू गावाची, गाव म्हणणार तू प्रकल्पवाल्यांची. ते सोसणार असशील तरच ये.

आजोबा असतील तर त्यांना एक विचार: बदली जमीन कुठे मिळाली, आणि तिचा सातबारा नावावर कधी झाला? उत्तर घेऊन भेटायला ये. बाबांनाही आण.