वाचकांचे प्रश्न : सिग्नलला थरथरणारं इंजिन

प्रश्न : माझा पेट्रोल पिकअप २० वर्षांचा आहे. गाडी उभी असली की इंजिन थरथरतं, रेस दिली की शांत होतं. नवे प्लग टाकूनही फरक नाही.

उत्तर : रेस दिल्यावर थरथर जाते, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जवळपास बंद असतो, त्यामुळे त्याच्या पुढचं मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) जोरात हवा ओढतं. एखादी रबरी नळी तडकली असेल तर तिथून शिरलेली हवा पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडवते. रेस दिली की तेवढ्याशा हवेनं काही बिघडत नाही. म्हणून आधी नळ्या बघा, त्यातही पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी), आणि वाकणाच्या खालून बोट फिरवून. मी एकदा वरून धड दिसणारी नळी तशीच सोडली आणि दोन दिवस प्लगला ठिणगीची वीज देणारी कॉइल तपासत बसलो.

गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारू नका, तो पेट घेतो. वायरिंग टाळून पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की जागा सापडली. नळ्या धड निघाल्या तर थ्रॉटल बॉडीतला (थ्रॉटलची झडप बसवलेल्या भागातला) कार्बन साफ करा. स्क्रू पिळून आयडल मात्र वाढवू नका, दोष तसाच राहतो.