राँग साइडने अपघात झाला, समोरच्याशी मिटलंय. आता दंड भरून भाऊ सुटेल का?

थोडक्यात तुमचं म्हणणं असं: भावाने राँग साइडने चारचाकी घातली, दुचाकीवाल्याचं पायाचं हाड मोडलं, दवाखान्याचा खर्च देऊन मिटवलं, आता तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरला की विषय संपतो का?

नाही. कोर्टाच्या आवारात हा सल्ला फुकट मिळतो आणि तो वाटणाऱ्यांशी माझं जुनं वाकडं आहे. कबुली देऊन भरलेला दंड म्हणजे ई-चलान नव्हे, ती दोषसिद्धी असते. पुढे नोकरीच्या फॉर्ममध्ये ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात ‘नाही’ लिहिता येत नाही. वर न्यायालय लायसन्सही काही काळासाठी अपात्र ठरवू शकतं.

कलमं बहुधा तीन लागली असतील. भारतीय न्याय संहितेचं २८१, म्हणजे हयगयीने वाहन चालवणं: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडलं की दुखापत ‘गंभीर’ होते, म्हणून १२५ (ब): ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,०००पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मोटार वाहन कायद्याचं १८४: ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० दंड किंवा दोन्ही, ३ वर्षांत पुन्हा केलं तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड. २०१९च्या दुरुस्तीपासून राँग साइड, सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं हे सगळं १८४मध्ये नाव घेऊन आलं आहे. त्यातलं जागेवर तडजोड शुल्क भरून मिटतं ते फक्त मोबाइलचं.

तुमच्या तडजोडीने १२५ (ब) मिटू शकतं, पण २८१ मिटत नाही. त्यासाठी जखमीचं संमतीचं शपथपत्र घेऊन उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो.

खटला लढवायचा तर घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा आधी मिळवा. साक्षीदार ‘गाडी भरधाव होती’ म्हणतो, सरकार पक्ष तेवढ्यावर विसंबतो आणि तिथेच फसतो. नुसता वेग म्हणजे हयगय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या निकालात म्हटलं आहे. बघायचं ते काचांचा चुरा डिव्हायडरपासून किती फुटांवर पडला होता, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू होतात, रस्ता किती रुंद आहे. दुचाकी धडकेनंतर घसटत जाते, म्हणून ती पडलेली जागा म्हणजे धडकेची जागा नव्हे. पंचनाम्यात हा घोळ हमखास असतो. मोटार वाहन निरीक्षकाचा ब्रेकचा अहवालही मागा. मात्र राँग साइड सीसीटीव्हीत दिसत असेल तर या कसरतीचा फारसा उपयोग नाही.

मिटल्याचा कागद विमा कंपनीला न विचारता केला असेल तर ती चूकच. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, अशी पॉलिसीत अट असते; आणि खाजगी कागद झाला तरी जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो.

हे सगळं जखमी वाचला म्हणून. मृत्यू झाला असता तर न्याय संहितेचं १०६ (१), ५ वर्षांपर्यंत कैद; दारू पिऊन असता तर मोटार वाहन कायद्याचं १८५ वेगळं, आणि पोलीस न्याय संहितेतल्या सदोष मनुष्यवधाच्या १०५पर्यंतही जातात. अपघातानंतर भाऊ जखमीला तिथेच टाकून निघून गेला असेल तर मोटार वाहन कायद्याची १३४ आणि १८७सुद्धा लागतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही.