एंडोथेलिन रक्तवाहिन्या आवळतं, मग हृदयाला एएनपी सोडायला का लावतं?

तुमचा गोंधळ रास्त आहे. एएनपी हे हृदयाच्या अलिंदांत (वरच्या कप्प्यांत) बनणारं संप्रेरक; ते वाहिन्या सैल करतं आणि मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. एंडोथेलिन हे वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींनी सोडलेलं रसायन; ते वाहिन्या आवळतं. मग दुसऱ्याने पहिल्याला मदत का करावी? मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि वर्गात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच.

‘आवळणारं’ ही एंडोथेलिनची ओळख रक्तवाहिनीच्या भिंतीतून आली आहे. प्रत्यक्षात ते पेशीला एवढंच सांगतं: आतलं कॅल्शियम वाढव. वाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम वाढलं की तो आकसतो. अलिंदाच्या स्नायूपेशीत मात्र एएनपीने भरलेल्या कणिका तयारच असतात, त्यामुळे तिथे तोच निरोप पोचला की त्या कणिका बाहेर रिकाम्या होतात. (या कणिका सूक्ष्मदर्शकाखाली आधीच दिसल्या होत्या. 1981 मध्ये अदोल्फो दे बोल्ड यांच्या गटाने अलिंदाचा अर्क उंदरांना टोचला, मूत्रातून सोडियम भराभर जाऊ लागलं आणि मग या कणिकांचं काम कळलं.)

एएनपी सुटायला मुख्य कारण म्हणजे अलिंदाच्या भिंतीवरचा ताण, हे तुम्ही वाचलं असेलच. पण पुस्तकात ताण आणि संप्रेरक यांच्यामध्ये एक सरळ बाण काढून मोकळे होतात, ते मला पटत नाही. हृदयाच्या आतल्या अस्तराच्या आणि केशवाहिन्यांच्या पेशी स्नायूपेशींना अगदी खेटून असतात. त्या एंडोथेलिन बनवतात आणि नायट्रिक ऑक्साइड हा वाहिन्या सैल करणारा वायूही. उंदरांमध्ये शिरेतून द्रव भरून अलिंद ताणलं, पण एंडोथेलिनचे ग्राहक (त्याचा निरोप पकडणारे पेशीवरचे रेणू) आधीच रोखून ठेवले, तर एएनपीची वाढ बरीच कमी होते. ताण तेवढाच, तरी उत्तर फिकं! उलट नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती बंद केली तर त्याच द्रवाला एएनपी जास्त सुटतं. म्हणजे ही शेजारीण, अस्तराची पेशी, एका हाताने ढकलते आणि दुसऱ्या हाताने आवरते.

इथे आणखी एक गंमत आहे. नायट्रिक ऑक्साइड आणि एएनपी दोघेही पेशीत सीजीएमपी (निरोप पुढे नेणारा एक छोटा रेणू) वाढवूनच काम करतात, म्हणजे वाहिनीसाठी ते एकाच बाजूचे. तरी हृदयात पहिला दुसऱ्याला थोपवतो. शिवाय एएनपी अस्तराच्या पेशींतली एंडोथेलिनची निर्मिती दाबतं, त्यामुळे ढकलणाऱ्यालाही लगाम बसतो.

एएनपीचं भावंड असलेल्या बीएनपी या संप्रेरकाचं थोडं वेगळं आहे. निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यांत) त्याचा तयार साठा फारसा नसतो, त्यामुळे तिथे एंडोथेलिनचा परिणाम बराचसा जनुक चालू होण्यातून दिसतो आणि त्याला वेळ लागतो.

रक्तातलं एंडोथेलिन मोजून हे सगळं कळेल का, असंही तुम्ही विचारलंय. फारसं नाही. अस्तराची पेशी ते बहुतांशी रक्ताच्या बाजूला न सोडता स्नायूच्या बाजूला सोडते. रक्तात येतं ते उरलंसुरलं.