डेंटिस्टकडे मुलाशी कमी बोला, डॉक्टरांशी जास्त

जेवताना हट्ट केला की "थांब, डॉक्टरकाका सुई टोचतील," आणि डेंटिस्टच्या दारात "काही नाही बाळा, अजिबात दुखणार नाही." दोन्ही वाक्यं बोलणारे आपणच. चार वर्षांच्या मुलाला त्यातलं नेमकं 'सुई' आणि 'दुखणार' एवढंच ऐकू येतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांसाठी हे सगळं: तिथे मुलांचे डेंटिस्ट ठरवून वेगळे शब्द वापरतात: सुईऐवजी 'दात झोपवायचं औषध', ड्रिलऐवजी 'शिट्टी'. हे शब्द अपॉइंटमेंटआधी फोन करून विचारून घ्या आणि त्यांची मराठी रूपं घरात रुळू द्या. पद्धत साधी असते: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. दात घासायचा फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर गुदगुल्या करतो, नंतर दातावर येतो. नेमकं तेव्हाच बाजूला बसलेली आई मराठीत "बघ, दुखलं का? नाही ना?" म्हणते. डॉक्टर इंग्रजीत मोजत असतात, मूल मान वळवतं, तोंड मिटतं आणि सगळं पहिल्यापासून. खोलीत थांबा, हात धरा, पण बोलणारा आवाज एकच ठेवा. आजीला व्हिडिओ कॉल नंतर.

डॉक्टरांसमोर मात्र आपण उलटे वागतो. टॅबलेटवरचा संमतीचा फॉर्म न वाचता सही करतो, कारण प्रश्न विचारणं आगाऊपणाचं वाटतं. त्या फॉर्ममध्ये मुलाला पट्ट्यांनी गुंडाळून स्थिर ठेवायच्या फळीलाही होकार दडलेला असू शकतो. पालकांना वेगवेगळ्या पद्धती दाखवून मत विचारणारे अभ्यास अमेरिकेत 1980च्या दशकापासून होत आले आहेत. त्यांत सांगून-दाखवून करणं सहसा वर असतं आणि ही फळी तळाशी. कारण नीट समजावलं की होकार वाढतो, हेही त्यांतच दिसलं. म्हणून स्पष्ट विचारा: फळी कधी वापरता, आम्हाला आधी सांगाल का, आम्ही खोलीत असू का? दिलेली संमती मधेच काढूनही घेता येते. मग डॉक्टर दात सुरक्षित स्थितीत आणून थांबतात.

पर्यायही विचारा. लाफिंग गॅसमध्ये मूल जागंच असतं. नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड ऑक्सिजनबरोबर देतात, सहसा 50 टक्क्यांच्या आत, आणि शेवटी काही मिनिटं निव्वळ ऑक्सिजन. नाक चोंदलं असेल तर गॅस आत नीट जात नाही. सर्दीत जाऊन पैसे घालवू नका. कीड लहान असेल आणि मूल बसतच नसेल, तर 38 टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लावून ती थोपवता येते. सुई नाही, ड्रिल नाही. किडलेला भाग मात्र कायमचा काळा पडतो आणि खड्डा तसाच राहतो. मागच्या दाढेला हरकत नसते. पुढच्या दाताला लावण्याआधी घरात बोलून घ्या.

"दुधाचे दात, पडायचेच आहेत," हे इथे लागू पडत नाही. दुधाची शेवटची दाढ 10 ते 12 वर्षांपर्यंत टिकावी लागते.

खूप काम असेल तर पूर्ण भूल सुचवतात. दवाखान्यातच देणार असतील तर भूल देणारे तज्ज्ञ कोण, हे विचारा. अमेरिकेतल्या बालरोग आणि बालदंत संघटनांच्या 2019च्या संयुक्त मार्गदर्शनानुसार ती व्यक्ती दातांचं काम करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळी असायला हवी.

नुसती दाढ बधिर केली असेल तरी खालचा ओठ दोन-तीन तास, कधी जास्तही, बधिर राहतो. मूल गंमत म्हणून तो चावतं. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा चट्टा दिसतो आणि पालकांना जंतुसंसर्ग वाटतो. संवेदना परत येईपर्यंत वरणभातसुद्धा नको, आणि लक्ष ओठावर ठेवा.

सर्वांत जास्त गडबड उपाशीपोटाची होते. भूल किंवा गुंगीचं औषध द्यायचं असेल तर साधारणपणे हलकं खाणं आणि गाईचं दूध 6 तास आधी बंद, पाणी 2 तास आधी. तळलेल्या-तुपकट खाण्याला त्याहून जास्त वेळ लागतो. दवाखान्याने लिहून दिलेली वेळ अंतिम. पोटातलं दूध उलटून श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं, म्हणून एका कपासाठीही ते अपॉइंटमेंट रद्द करतात. भारतातून आलेल्या आजीला लेकराला उपाशी पाठवणं पटत नाही, आणि ताक किंवा बोर्नव्हिटा तिच्या हिशेबात खाण्यात येतच नाही. आदल्या रात्रीच तिला सांगा, आणि फ्रिजच्या दारावर मराठीत चिठ्ठी लावा: "सकाळी दूध नाही, ताक नाही. पाणी इतक्या वाजेपर्यंतच."