लढाईतही पात्र सोडू नकोस

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमच्या आर्जंट डॉन किंवा मून गार्डसारख्या रोलप्ले सर्व्हरवर, म्हणजे जिथे खेळाडू आपल्या पात्राची भूमिका वठवतात तिथे, येणार असशील, तर आधी एक ठरव: तुझं पात्र कशाला घाबरतं? ड्वार्फ योद्धा आणि नाइट एल्फ पुजारीण एकाच राक्षसासमोर सारखं बोलणार नाहीत.

डंजनमध्ये, म्हणजे गटाने मिळून राक्षसांशी लढायच्या जागी, लांब वाक्यं टाइप करत बसलं की टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा खेळाडू, मरतो. म्हणून दोन-तीन मॅक्रो, म्हणजे एका बटणावर येणाऱ्या तयार ओळी, आधीच करून ठेव. पण प्रत्येक वाराला घोषणा नको, तीच ओळ सारखी आली की सगळे वैतागतात. जखम, माघार, मोठा वार, एवढ्यापुरतंच बोल. हीलिंग (जखमा भरून काढणं) कमी पडतंय हे पार्टी चॅटमध्ये, म्हणजे फक्त आपल्या गटाला दिसणाऱ्या चॅटमध्ये, बिनधास्त साध्या भाषेत सांग. 'से'मध्ये, म्हणजे आसपासच्या सगळ्यांना दिसणाऱ्या चॅटमध्ये, मात्र पात्रच बोलू दे.

दोघांनी ठरवून केलेली लढत वेगळी. तिथे इमोट, म्हणजे पात्राची कृती सांगणारी ओळ, लिहायचा आणि रोल कमांडने १ ते १०० मधला आकडा काढायचा. इमोटमध्ये फक्त प्रयत्न लिही: "मानेच्या दिशेने तलवार फिरवते." वार लागला का, किती लागला, हे समोरच्याला लिहू दे. हा नियम मोडणाऱ्यासोबत पुन्हा कुणी खेळत नाही. आणि आकडा कमी आला तर हार मनापासून खेळ. पुढच्या भेटीतही खांदा दुखतोय असं लिही. मला असे खेळाडू फार आवडतात.